पाडव्याचा संकल्प आणि सारथ्यधर्म

सज्जनहो, चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी आपण गुढी उभारतो, कडुनिंबाचा पाला खातो, पंचांगातले वर्षफल ऐकतो आणि मनात काहीतरी धरतो. हल्ली तरुण मंडळी १ जानेवारीसही धरतात. व्यायाम करीन, तंबाखू सोडीन, सावकाराचे कर्ज फेडीन, असे ते असते. चांगले आहे. परंतु पाडव्याची गुढी संध्याकाळी उतरते आणि बहुतेकांचा संकल्प तिच्याबरोबरच उतरतो. असे का होते? तर त्याला संकल्प म्हणतच नाहीत. ती नुसती इच्छा.

शास्त्रात संकल्पाची रीत बघा किती नेमकी आहे. हातात पाणी घेऊन आधी काळ सांगावयाचा. शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग देश सांगावयाचा, आणि त्यात आपण गोदावरीच्या कोणत्या तीरावर आहो तेही बोलावयाचे. जुने नांदेड उत्तर तीरावर, लातूर दक्षिण तीरावर. तेवढ्यानेही शब्द बदलतो. मग नाव, गोत्र, आणि कोणते कर्म करणार ते. मग उदक सोडावयाचे. म्हणजे कोण, कुठे, केव्हा, काय, इतके ठरल्यावाचून पाणी खाली पडत नाही. "यंदा जरा नीट वागेन" या वाक्याला ना देश, ना काळ. त्याचे पाणी हातातच वाळते.

तेव्हा यंदाच्या पाडव्याला मोठे काही न धरता एक लहान, पण देशकाल असलेले धरा, असे मायबाप वाचकांस मागणे आहे. ते गाडी चालविण्यासंबंधी आहे.

कोणी म्हणेल, "महाराज, हे तर आरटीओचे काम. कीर्तनकाराने नाम सांगावे." पूर्वपक्ष रास्त दिसतो, पण टिकत नाही. दारू पिऊन गाडी हाणणाऱ्यास समजवायला पोलीस पुरेत. गळ्यात माळ असलेल्याला तो प्रश्नच नाही. परंतु माळकऱ्याला एक नशा चढते व ती पोलिसाच्या यंत्रात दिसत नाही. ती झोपेची. एकादशीचा उपास, रात्री नऊ ते अकरा कीर्तन, त्यापुढे जागर, पहाटे काकडा, आणि द्वादशीला पारणे फिटते न फिटते तोच "चला, ऊन व्हायच्या आत घर गाठू" म्हणून क्रूझरमध्ये चौदा माणसे. पंढरपूर ते लातूर दोनशे किलोमीटरच्या आसपास, तेथून नांदेड आणखी दीडशेच्या घरात. जागराने पुण्य जोडले, ते खरेच जोडले. पण डोळ्यांना त्याचा हिशोब कळत नाही. हे सांगण्याचा अधिकार आरटीओला नाही, आपल्याच फडावरच्या माणसाला आहे, कारण ड्रायव्हरला रात्रभर जागवणारे आपणच.

आम्ही कीर्तनकार काही वेगळे नाही. सप्ताहाच्या दिवसांत एका गावी काल्याचे कीर्तन, संध्याकाळी दुसऱ्या तालुक्यात सेवा. मृदंगाचार्य मागे पेंगतात, टाळकरी एकमेकांच्या खांद्यावर, आणि पुढे तो एकटा डोळे ताणून. "झोप येते का रे?" विचारले की एकच उत्तर, "कशाला भिऊ लालाव महाराज, रोजचीच वाट हाय." रोजची वाट आहे म्हणूनच तर भ्यावे. नव्या वाटेवर माणूस जागा असतो. आता तुळजापूर-लातूर-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला. आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, सोनखेड ही नावे पूर्वी खड्ड्यांवरून ओळखू येत. आता ती झपाझप मागे जातात. खड्डा होता तेव्हा तो निदान जागे तरी करी. आमच्या लहानपणी लातूरहून कुर्डुवाडीवरून पंढरीला अरुंद रुळांची छोटी गाडी जात असे. तीत सगळा डबा घोरत असला तरी कोणाचे काही बिघडत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. "आयुष्याची दोरी बळकट असेल तर काही होत नाही, प्रारब्धात असेल ते चुकत नाही." हे वाक्य अपघाताच्या बातमीनंतर पारावर हमखास ऐकू येते. प्रारब्ध मानावेच. पण उद्योगपर्वात सनत्सुजात ऋषी धृतराष्ट्राला मृत्यू म्हणजे काय ते सांगतात, तेव्हा ते प्रमादालाच मृत्यू म्हणतात. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. आता केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा हिशोब बघा. त्या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे ५०,०२९. म्हणजे एक भरले तालुक्याचे गाव. एवढ्या सगळ्यांचे प्रारब्ध नेमके हेल्मेट खुंटीला अडकवूनच निघाले होते काय? आणि आपल्या प्रारब्धाची जोखीम आपण घेऊ. मागे बसलेल्या सुनेची, मध्ये बसलेल्या लेकराची कोणी घेतली?

या गोष्टी आपल्या घरच्याच आहेत. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी दिवे घाटात नामदेवरायांच्या पालखीच्या दिंडीत जेसीबी यंत्र घुसले. नामदेवरायांच्या वंशातले एक महाराज त्यात गेले. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूरकडच्या दिंडीत मोटार शिरली. सात वारकरी गेले. तेथे वारकरी पायी होते, गाडीवाले दुसरे. पण आपण वर्षातले पंधरा-वीस दिवस पायी आणि बाकीचे दिवस गाडीवर असतो, हे विसरू नये. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पाठीवर पडला की काळजात कसे होते, हे ज्या पायांना ठाऊक आहे, तेच पाय पुढच्या महिन्यात अ‍ॅक्सिलरेटरवर असतात. लहानथोर न पाहता भेटेल त्याच्या पाया पडणारा आपला संप्रदाय. रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मोठा लाइट मारून आंधळे करावयाचे, आणि डिपर द्यावयाला बोट उचलत नाही, हे त्या पाया पडण्यात कसे बसवावे?

आता दृष्टांत ऐका. सारथी म्हटला की आपल्यापुढे कुरुक्षेत्रावरचा भगवंत उभा राहतो. गीता सांगितली म्हणून आपण त्यास मानतो. पण गीता तर पहिल्या दिवशी झाली. पुढचे सतरा दिवस देवाने काय केले? गाडी चालविली. द्रोणपर्वातला चौदावा दिवस घ्या. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाही तर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. यापेक्षा घाईचा प्रवास त्रिभुवनात कोणाचा असेल? आणि त्या दिवशी, सूर्य कलत असता, शत्रूसैन्याच्या मधोमध, रथ थांबला. घोडे थकले होते, बाणांनी विंधले होते. अर्जुन खाली उतरून एकटा सैन्य अडवून उभा राहिला. देव म्हणाले, येथे घोड्यांना प्यायला पाणी नाही. तेव्हा अर्जुनाने अस्त्राने जमीन भेदून सरोवर केले, बाणांचाच निवारा उभारला. देवांनी घोडे सोडले, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले बाण उपटले, अंग चोळले, पाणी पाजले, लोळू दिले, चारा दिला; आणि ते ताजेतवाने झाल्यावर मगच पुन्हा जुंपले.

व्यासांनी हा प्रसंग तपशिलाने सांगितला आहे, उगीच नाही. ज्याच्या इच्छेने सूर्य चालतो त्याला घोडे सोडायला वेळ मिळाला. आणि आपल्याला? पारण्याला घरची ज्वारीची भाकरी पाहिजे, म्हणून टेंभुर्णीला चहासाठीही थांबावयाचे नाही! जयद्रथवध सूर्यास्ताआत झालाच. थांबल्यामुळे चुकला नाही.

अर्जुनाचेही यात काम आहे, ते लक्षात घ्या. थांबण्याची बात त्यानेच काढली, आणि सारथ्याने घोडे पाहावे म्हणून तो स्वतः पायउतार होऊन उभा राहिला. मागे बसणाऱ्याचा धर्म तो हा. आपल्याकडे मात्र दिंडीच्या ट्रकचा ड्रायव्हर सर्वांच्या शेवटी जेवतो, ट्रकखाली डासांत अंग टाकतो, आणि पहाटे त्यालाच पहिली हाक. ज्या देवाने ज्या कामात कमीपणा मानला नाही, ते काम करणाऱ्याला पंगतीत शेवटचे पान. मला विचाराल तर अपघाताच्या बातमीत "चालकाला डुलकी लागली" असे छापून येते, तेथे अर्धी डुलकी मागे बसलेल्यांची असते.

यावर तोड आपल्या सप्ताहातच आहे. सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही, हा नेम. पण एकच वीणेकरी सात दिवस उभा असतो काय? पहारे लागलेले असतात. गावकऱ्यांची नावे आधीच फळ्यावर. वेळ झाली की दुसरा येतो, नमस्कार करतो, वीणा गळ्यात घेतो. "मला झोप येत नाही, मीच धरतो" असा हट्ट पहिला करीत नाही. आणि केला तरी कोणी ऐकत नाही. वीणा अखंड राहते ती हात बदलतात म्हणून. हाच नेम स्टिअरिंगला लावा. दूरच्या प्रवासाला दोन चालणारे. दोन नसतील तर ज्याला चालवावयाचे आहे त्याने जागराला बसू नये, त्याचा जागर इतरांनी करावा, त्याच्या वाट्याचा अभंग दुसऱ्याने म्हणावा. त्याचे पुण्य कोठे जात नाही. चौदा जीव घरी पोहोचवणे ही सेवा पांडुरंगाच्या वहीत टाळकऱ्याच्या खालीच मांडली असेल, असे मानण्यास आधार नाही.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे. इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. तेथे घोडे किती जोरकस आहेत याची चौकशी नाही. सारथी विज्ञानवान, म्हणजे जागा व विचारी, आहे की नाही एवढेच विचारले आहे. आपल्याकडे नवी मोटारसायकल आली की सीसी विचारतात.

बाकीचे थोडक्यात. हेल्मेट घातल्याने टिळा पुसतो ही सबब ऐकली आहे; गोपीचंदन पुन्हा लावता येते. मागे बसणाऱ्या मालकिणीलाही हेल्मेट हवे, कायदाही तेच म्हणतो, आणि पदर चाकात जाणार नाही असा खोचून बसावे. हमरस्त्यावर वळताना मागे बघावे: मार्च २०२५ मध्ये चाकूर तालुक्यात नांदगाव पाटीजवळ आडव्या आलेल्या एका मोटारसायकलला वाचवू जाता एसटी उलटली आणि तिसाच्या वर प्रवासी जखमी झाले. उसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो, आणि ती अंधारात रस्त्यात उभी करून लोक हॉटेलात बसतात. हे पाप उसाच्या बिलातून फिटणारे नाही. ट्रॅक्टर हे माणसे वाहावयाचे साधन नव्हे. नांदेडजवळ आलेगाव शिवारात ४ एप्रिल २०२५ रोजी मजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत पडला आणि वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी एका सकाळी गेल्या. त्या घरांतल्या चुली आठवाव्यात आणि मग दिंडीला ट्रॉली जोडावी की नाही ते ठरवावे. नातवाला मिसरूड फुटण्याआधी किल्ली देणाऱ्या आजोबांनाही एक सांगणे आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड व कैद पालकाला आहे. आणि रस्त्यात कोणी पडलेला दिसला तर मोबाइलने चित्र न काढता १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्यास कायद्याने आता संरक्षण आहे.

पाडव्यानंतर दहाच दिवसांनी चैत्री एकादशी. चार वाऱ्यांतली ही एक, आणि लातूर-नांदेडकडून दशमीला गाड्या निघतीलच. म्हणजे प्रतिपदेला सोडलेल्या पाण्याची परीक्षा दशमीलाच आहे. तेव्हा दिंडीचालकांनी पाडव्याच्या दिवशी, गुढीखालीच, वहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: गाडी कोणती, चालणारे दोघे कोण, आणि द्वादशीला निघावयाची वेळ, जी पारण्यानंतर नव्हे, त्या दोघांच्या झोपेनंतर मोजलेली असावी. मठात वा धर्मशाळेत उतरल्यावर पहिली सतरंजी त्यांची टाकावी, भिंतीकडे, जेथे टाळांचा आवाज कमी येतो. आणि पंगतीत त्यांचे पान विणेकऱ्याच्या शेजारी.

रामकृष्णहरि.