आधी आपली माणसे, पण कुठपर्यंत?



घरात एकच भाकरी असेल तर आई ती आधी आपल्या लेकराला देते. तिला कोणी स्वार्थी म्हणत नाही. मग एखाद्या देशाने लस आधी आपल्या नागरिकांना दिली, तर त्यात चूक काय? कोविडची साथ ओसरली, पण तिने विचारलेला हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून २०२० मध्ये ‘कोव्हॅक्स’ ही योजना सुरू झाली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी तिच्या पहिल्या ६ लाख मात्रा घाना देशात पोहोचल्या. त्या आपल्या पुण्यात तयार झाल्या होत्या. पुढच्याच महिन्यात भारतात दुसरी लाट सुरू झाली. आपल्याच लोकांना ऑक्सिजन आणि खाटा मिळेनाशा झाल्या. सरकारने निर्यात रोखली आणि कोव्हॅक्सला पुण्याहून होणारा पुरवठा नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ बंद राहिला.

दुसरीकडे काही श्रीमंत देशांनी आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट मात्रांचे करार आधीच करून ठेवले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विनंती केली की, तिसरा डोस काही काळ थांबवा, गरीब देशांना पहिला मिळू द्या. तरीही इस्रायल, ब्रिटन, अमेरिका पुढे गेले. ते वर्ष संपले तेव्हा आफ्रिकेत लसीकरण पूर्ण झालेले लोक शंभरात दहासुद्धा नव्हते.

दोन्हीकडे न्याय एकच लावला गेला: आधी आपली माणसे. पण एका घरात मूल भुकेले होते, तर दुसऱ्या घरात कोठार भरलेले असताना दाराला कडी होती. ‘आधी’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. निरोगी तरुणाला तिसऱ्या डोसाने थोडे अधिक संरक्षण मिळाले असेल. आफ्रिकेतील परिचारिकेचा पहिल्या डोसाने कदाचित जीव वाचला असता.

कोणी म्हणेल, कंपन्यांना मोबदला मिळाला नाही तर पुढची लस कोण शोधील? हे म्हणणे रास्त आहे. पण त्या संशोधनात जनतेचा पैसाही होता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे साथीपुरते पेटंटचे हक्क स्थगित करण्याची मागणी केली. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, आणि तोही मर्यादित. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या नाताळ संदेशातच सांगितले होते की, लस सर्वांना मिळावी, सर्वांत दुर्बळांना आधी मिळावी. बाजाराचे आणि पेटंटचे नियम प्रेमाच्या नियमाहून मोठे ठरू नयेत.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी साथींविषयी एक करार मंजूर केला. पुढच्या साथीत तो पाळला जाईल का, हे शेवटी त्या त्या देशातील सामान्य माणसे आपल्या सरकारकडे काय मागतात यावर ठरेल. म्हणून प्रत्येकाने स्वतःला विचारावे: मी राखून ठेवतो त्याने माझे किती भागते, आणि ते न मिळाल्याने दुसऱ्याचे काय जाते?