पाझरणारं मडकं

उन्हाळा तोंडावर आला की नवापूरच्या बाजारात माठ मांडले जातात. घेणारा माणूस ते डोळ्यांपेक्षा कानांनी पारखतो. बोटाच्या पेराने टकटक करून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा. बद्द बोलला तर कुठेतरी तडा आहे, परत ठेवायचा. मान जरा कलती आहे, पोटावर थापीच्या खुणा आहेत, एका अंगाला काळा डाग आहे, याबद्दल मात्र सहसा कुणी तक्रार करत नाही. या पारखण्यात मला फार मोठी समज दिसते. कोणता दोष भांडं निकामी करतो आणि कोणता नुसता दिसतो, हे तिथे पक्कं ठाऊक असतं.

काळा डाग आव्यातला. रचलेल्या मडक्यांत जिथे जाळाला हवा कमी पडली, तिथे माती काळवंडली. खुणा हाताच्या: आतून गुंडा धरून बाहेरून थापीने ठोकत कुंभार पोट वाढवत नेतो. तो गोलच घडवू पाहत असतो. म्हणून तर उरलेला वाकडेपणा खरा वाटतो. शोभेसाठी मुद्दाम चेपलेली भांडी हल्ली शहरांत मिळतात; ती मला पटत नाहीत.

असे नुसते दिसणारे दोष जुनेच आहेत. तापी खोऱ्यातल्या सावळदा गावावरून ओळखली जाणारी खापरं सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची. मंद चाकावर घडलेली, जाडसर, वरचा लेप भेगाळलेला. तरी त्यांवर रंगवलेले मासे आणि हत्यारं आजही ओळखू येतात.

आणि पाझर? कुठेच न झिरपणारा माठ पाणी गार करूच शकणार नाही. मातीत कालवलेली लीद किंवा भुसा भाजताना जळून जातो, बारीक छिद्रं राहतात. त्यांतून आलेला ओलावा वाऱ्याने उडतो. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी माठातल्या पाण्यातूनच घेतली जाते. क्षार साचून छिद्रं बुजली, की तोच माठ बाहेरून कोरडा दिसू लागतो आणि पाणी कोमट राहतं.

म्हणून नवा माठ आणला की आधी पाणी भरून भिजू द्यावा. धुताना साबण लावू नये. तो छिद्रांत शिरतो आणि पाण्याला त्याचा वास येत राहतो. नुसता हात फिरवून विसळला तरी पुरे.