अनामिक गळा : ध्वनिमुद्रण आणि कर्तृत्वाचा प्रश्न

लोकसाहित्याच्या अभ्यासात ‘अनामिकता’ हे परंपरेचे लक्षण मानले जाते. रचना समूहाची असते, म्हणून तिला कर्ता नसतो, असे हे प्रतिपादन. कागदावर उतरवलेल्या ओवीपुरते ते बरेचसे ग्राह्य धरता येते; कारण लेखनबद्ध होताना गळा मागे राहतो आणि हाती येते ती केवळ संहिता. ध्वनिमुद्रणात असा वियोग संभवत नाही. तबकडीवर ‘समूह’ गात नाही. एक विशिष्ट बाई, एका विशिष्ट दिवशी, स्वतःच्या श्वासाच्या मर्यादेत गाते. तरीही दूरदेशीच्या पारंपरिक संगीताचा आस्वाद घेताना संहितेसाठी घडवलेली ही संज्ञा जशीच्या तशी आवाजाला लावली जाते. हा केवळ परिभाषेतील ढिसाळपणा नव्हे. त्यात ऐकणाऱ्याची एक नैतिक सोय दडलेली आहे.

1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीची सूची या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तीवरील 27 संगीतखंडांत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे आणि तिच्यापुढे ‘सुरश्री’ या उपाधीसह त्यांचे नाव आहे. बल्गेरियाच्या वाल्या बाल्कान्स्का यांचेही नाव आहे. मात्र पेरूमधील लग्नगीतापुढे नाव येते ते ध्वनिमुद्रण करणाऱ्या जॉन कोहेन यांचे, आणि तेव्हाच्या झाईरमधील पिग्मी मुलींच्या दीक्षागीतापुढे कॉलिन टर्नबुल यांचे. एकीकडे ‘गायिले’ आणि दुसरीकडे ‘ध्वनिमुद्रित केले’ : क्रियापद बदलते आणि त्याबरोबर गाणारी व्यक्ती ‘नमुना’ होऊन जाते. गंमत अशी की, ग्रामोफोनच्या धंदेवाईक बाजाराला नाव आवश्यक वाटत होते. 1902 पासूनच्या आपल्या तबकड्यांच्या अखेरीस गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते; जर्मनीत तबकडी छापणाऱ्यांना गायिकेची ओळख पटावी, एवढाच त्यामागे हेतू. बाजाराने स्वतःच्या गरजेपोटी जे जपले, ते ज्ञानव्यवहाराने अनेकदा गाळले.

अर्थात नाव नोंदवल्याने प्रश्न मिटतो असे नाही. ह्यूगो झेम्प यांनी 1970 च्या सुमारास सॉलोमन बेटांपैकी मलाइटा येथे अफुनाक्वा नावाच्या बाईचे बाएगू भाषेतील एक अंगाईगीत ध्वनिमुद्रित केले. पोरक्या झालेल्या धाकट्या भावंडाची समजूत घालणारे हे गीत. ते युनेस्कोच्या संगीतमालेत प्रसिद्ध झाले, गायिकेच्या नावासह. पुढे 1992 मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने तोच आवाज नृत्यसंगीताच्या तालावर बसवला. ‘स्वीट लल्लबाय’ जगभर गाजले आणि जाहिरातींतही वाजले. 1996 मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी ती चाल वाजवली, तेव्हा तिला नाव मिळाले ‘पिग्मी लल्लबाय’. प्रशांत महासागरातील एका बेटावरची चाल अशा रीतीने मध्य आफ्रिकेच्या नावावर जमा झाली. ही चूक बोलकी आहे. ऐकणाऱ्याला अफुनाक्वा नको होती, मलाइटाही नको होते. हवा होता तो ‘आदिम’ मानवाचा निरागस स्वर, आणि त्या स्वराला कोणताही भूगोल चालतो. नाव उपलब्ध असूनही ते ऐकू आले नाही, कारण या आस्वादाची सारी गोडी नाव नसण्यावरच अवलंबून होती.

यावर एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागतो. ज्या समाजांत गीतावर व्यक्तीची मालकी नसते, तेथे गायिकेच्या नावाचा आग्रह म्हणजे युरोपीय लेखकसंकल्पनेचेच आरोपण नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. तैवानमधील आमिस जमातीचे दिफांग आणि त्यांच्या पत्नी इगाय यांचा आवाज ‘एनिग्मा’च्या ‘रिटर्न टू इनोसन्स’ या गीतात वापरला गेला, तेव्हा त्यांना कायद्याचा आधार घ्यावा लागला. 1999 मध्ये तडजोड झाली. गीत पारंपरिक होते, त्याचे ‘लेखक’ ते नव्हते. कायद्याला मात्र मालकीचीच भाषा सहज समजते. परंतु आक्षेपात ‘कर्ता’ आणि ‘गाता’ यांची गल्लत होते. चाल समूहाची असू शकते. आवाज कधीच समूहाचा नसतो. चालीवर हक्क न सांगणाऱ्या व्यक्तीने आपल्या गळ्यावरचा हक्क सोडला, असे कोणत्या तर्काने ठरते?

जात्यावरच्या ओव्यांचा व्यवहार येथे तपासून पाहण्यासारखा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभारलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांतील काहींचे 1990 च्या दशकात ध्वनिमुद्रण झाले. संग्रहाच्या नोंदीत गाणारीचे नाव आणि गाव येते. ओवीचे समूहपण त्यामुळे उणावत नाही. उलट एकच ओवी दोन गावांत, दोन बायांच्या तोंडी कशी पालटते हे नावामुळेच दिसू लागते. म्हणजे नाव येथे मालकीची निशाणी नसून पाठभेदाची खूण आहे. अडचण उरते ती निराळीच. ओवी बहुधा आईकडून किंवा सासूकडून आलेली असते. जिच्याकडून ती आली तिचा आवाज कोणत्याही फितीवर नाही, आणि मुलीच्या गळ्यात तो किती शिल्लक आहे हे सांगण्याचे साधन सूचीकारापाशी नाही.