उन्हाळ्यातला डोह कोणाचा?

वऱ्हाडात निसर्गानं घडवलेलं तळं शोधायला निघालं तर लोणारला जावं लागतं, आणि तिथलं पाणी खारं. सहलीला आपण गाठतो ती बहुतेक तळी माणसानं बांध घालून अडवलेली. आपसूक साचलेल्या गोड्या पाण्याकाठी मुलाबाळांसह दिवस घालवायचा, तर परतवाड्याहून धारणीच्या रस्त्यानं घाट चढून मेळघाटात शिरावं आणि सिपना नदीकाठच्या सेमाडोहला उतरावं. पावसाळा सरला की नदीची धार बारीक होत जाते, पण खडकातल्या खोलगट जागी पाणी थांबून राहतं. वारा नसला की त्यात काठावरची जांभळं पानापानांसकट दिसतात.

दर्यापूर-अकोटकडच्या माणसाला या पाण्याची ओढ का वाटते, हे खारपाणपट्ट्यात राहिल्याशिवाय कळत नाही. तिथं विहिरीत पाणी असून पिता येत नाही. आमच्या घरच्या एका सहलीत आजीनं काठावर बसून ओंजळ भरली, घोटभर चाखली आणि आईला म्हणाली, "गोड हाये वं हे पानी." मग डबा सोडायचं सोडून ती बराच वेळ पायांवर पाणीच घेत बसली. अशा घरांना 'जंगलात येऊ नका' असं मी कधीच म्हणणार नाही. पोरांनी पाण्यावर पळणारे किडे पाहावेत, खंड्या सूर मारतो कसा ते पाहावं, ओल्या गाळात उमटलेले खूर बोटानं मोजावेत. शाळेच्या पुस्तकातून हे हाती लागत नाही.

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. सेमाडोहची सहल मे महिन्यात करू नये.

मेळघाट ज्यात वसलं आहे ते गाविलगडचे डोंगर काळ्या बेसाल्टचे. चार महिन्यांत पडलेला पाऊस उतारावरून पाहता पाहता तापीकडे वाहून जातो. खडक फार थोडं धरून ठेवतो. चैत्र-वैशाखात ओढे कोरडे पडतात आणि उरलेले डोह, झिरे नि वनविभागानं भरलेले पाणवठे एवढ्यावर सगळं रान तगतं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याकाठी मचाण बांधून प्राणी मोजण्याची पद्धत आली ती याचमुळे: त्या दिवसांत पाण्यावर येण्यावाचून कोणालाच गत्यंतर नसतं. अशा वेळी काठावर दिवसभर चटई अंथरून, गाडीची दारं उघडी टाकून गाणी लावली, तर सांबराला आपण नुसता त्रास देत नाही, त्याचं पाणी तोडतो. त्यात रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटवण्याची हौस. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत असताना एक ठिणगी पुरते.

यावर लोक विचारतात, शाळेला सुट्ट्या मे महिन्यातच, अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला. मग जावं कुठं? प्रश्न रास्त आहे. उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जावं. सुमारे ११०० मीटर उंचीवर हवा तरी थंड मिळते. सेमाडोह दिवाळीच्या सुट्टीसाठी राखावा. तेव्हा नदी वाहती असते, ओढ्यानाल्यांतही पाणी असतं आणि जनावर एकाच काठावर अडकलेलं नसतं. मुलांना पाहायलाही तेव्हाच जास्त मिळतं.

आणखी एक गोष्ट मला बोचते. १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आला. पुढं बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली आणि त्यांच्यामागून आणखीही उठली. तिथली आदिवासी कोरकू कुटुंबं डोंगर सोडून खालच्या सपाटीवर आली. जनावराला निवांतपणा मिळावा म्हणून ज्यांनी घर, शेत, देवाची जागा सोडली, त्यांनी रिकामं केलेलं रान आपण एका दुपारपुरतं गजबजवून टाकायचं, हा सरळ अन्याय आहे. त्यांच्याकडून जे मागितलं, त्याचा शतांशही आपल्याकडून कोणी मागत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत डोहाचा काठ सहलींना बंद असावा, गावकऱ्यांचा पाण्यावरचा हक्क मात्र तसूभरही कमी होऊ नये. आणि दिवाळीनंतरच्या मोसमात येणाऱ्या कुटुंबांचं जेवण, मुक्काम, सोबतीचा वाटाड्या हे सगळं कोरकू घरांच्या हाती असावं, म्हणजे उन्हाळ्यातल्या बंदीची झळ त्यांच्या चुलीला लागणार नाही.