सही करणारा वकील

अमेरिकी बेसबॉलपटू जॉन माँटगोमेरी वॉर्डने जून १८८० मध्ये, अवघ्या विशीत, प्रॉव्हिडन्स संघाकडून एका सामन्यात अशी चेंडूफेक केली की समोरच्या संघातल्या एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचता आलं नाही. पुढे उजवा हात दुखावला, तेव्हा हा पठ्ठ्या डाव्या हाताने चेंडू फेकायला शिकला आणि १८८४ चा उरलेला हंगाम त्याने तसाच रेटला. मला मात्र जास्त कौतुक आहे ते खेळता खेळता त्याने १८८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून मिळवलेल्या कायद्याच्या पदवीचं. करार वाचता येणारा माणूस खेळाडूंतच निपजावा, हे मालकांना परवडणारं नव्हतं.

दुखणं होतं राखीव कलमाचं. १८७९ मध्ये प्रत्येक संघाला पाच खेळाडू राखून ठेवायची मुभा मिळाली आणि बघता बघता जवळजवळ सगळा संघच त्यात ओढला गेला. हंगाम संपला तरी खेळाडूला दुसरीकडे जाता येईना. मालक मात्र त्याला विकू शकत होता. पगार कारखान्यातल्या कामगारापेक्षा बरा, त्यामुळे ही तक्रार म्हणजे अनेकांना नखरेच वाटत. पण ‘पटत नाही, निघालो’ म्हणायची सोयच नसेल तर घासाघीस करायची कशाच्या जोरावर? खेळाडू ही मालकाची चीजवस्तू आहे का, असं वॉर्डने १८८७ मध्ये लेख लिहून थेट विचारलं.

गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा बावीस वर्षं झाली होती. आणि त्याच उन्हाळ्यात इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी ठरवलं, की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार नकोत. वॉर्डला जाचणारा करारसुद्धा त्यांच्या नशिबी नव्हता. वॉर्डच्या पुढाकाराने खेळाडूंनी १८९० मध्ये स्वतःची लीग काढली, तिच्यातही कृष्णवर्णीयांना जागा मिळाली नाही. हे वॉर्डच्या बाजूने बोलतानाही विसरता येत नाही.

त्या लीगमध्ये नामांकित खेळाडू आले, प्रेक्षकही मालकांच्या जुन्या लीगपेक्षा जास्त आले. तरी एका हंगामात गाशा गुंडाळावा लागला. पैसा घातलेल्या भांडवलदारांचा धीर सुटला आणि त्यांनी जुन्या मालकांशी परस्पर बोलणी केली. राखीव कलम पुढे १९७५ पर्यंत टिकलं.

वॉर्ड वकिली करू लागला आणि १९१२ मध्ये चक्क बॉस्टन संघाचा अध्यक्ष झाला. तिथल्या करारांतही तेच कलम होतं. एवढ्यावरून त्याला दुटप्पी ठरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. एकट्या बॉस्टनने कलम गाळलं असतं तर बाकीच्यांनी त्याचेच खेळाडू पळवले असते आणि स्वतःचे बांधून ठेवले असते. हे गणित त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळत होतं?