शाळेने काय विचारावे?

शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ अस्पृश्य गणल्या गेलेल्या जातीत जन्मल्यामुळे ज्याला महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला, त्या रामचंद्र बाबाजी मोरे या अल्पवयीन मुलाने 1914 च्या सुमारास वृत्तपत्राला पत्र लिहून आपली फिर्याद लोकांपुढे मांडली आणि त्या पत्रापुढे शाळेच्या चालकांना नमावे लागले. प्रवेश मिळाला, अर्थात बसण्याची जागा मात्र इतरांपासून वेगळी. हेच मोरे पुढे 1927 च्या महाड परिषदेच्या प्रमुख संघटकांपैकी एक झाले. विद्यार्थ्यांच्या हाती आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विचार करताना या पत्राची आठवण मला वारंवार होते, कारण आपल्यावर काय गुदरले हे आपल्या शब्दांत, क्रमवार आणि दुसऱ्याला पटेल असे मांडण्याची जी शक्ती त्या मुलाने कमावली होती, ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या अंगी यावी याहून मोठे प्रयोजन मला लेखनशिक्षणात दिसत नाही.

30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि तेव्हापासून प्रश्नाचे छायाचित्र काढून क्षणार्धात नेटके उत्तर मिळवण्याची सोय हळूहळू सर्वत्र पसरली. ही शहरातल्या श्रीमंत मुलांची चैन आहे असे समजण्यात अर्थ नाही. देशाच्या ग्रामीण भागाची पाहणी करणाऱ्या 2024 च्या ‘असर’ अहवालानुसार 14 ते 16 वयोगटातील सुमारे 90 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि 80 टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. महाडशेजारच्या पोलादपूर तालुक्याच्या डोंगरातील एखाद्या वाडीत पावसाळ्यात संपर्क तुटत असेल; परंतु ते विलंबाचे कारण झाले, संरक्षणाचे नव्हे.

यावर सुचणारा पहिला उपाय मनाईहुकमाचा. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने जानेवारी 2023 मध्ये शाळांतील उपकरणांवर आणि जाळ्यावर असा हुकूम लागू केला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो मागे घेतला. दुसरा उपाय यंत्राचे लेखन यंत्राकडूनच ओळखवून घेण्याचा. पण ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी निर्माण केले, तिनेच आपले असे ओळखयंत्र अचूकता कमी असल्याच्या कारणाने जुलै 2023 मध्ये बंद केले. अशा साधनाच्या साक्षीवर एखाद्या मुलाला चोर ठरवणे हा उघड अन्याय होय. ज्या मुलाच्या घरी लिहिणारे-वाचणारे कोणी नाही, त्याने मनापासून चांगले लिहिले तर पहिला संशय त्याच्यावरच येईल, ही भीती मला अधिक छळते.

खरे पाहता, रोग यंत्रापेक्षा जुना आहे. मार्गदर्शक पुस्तकातील उत्तर वहीत उतरवणे, अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणे, बाजारात मिळणारी चित्रे चिकटवून प्रकल्पवही सजवणे आणि तीवर लाल शाईची सही मिळवणे हा शिरस्ता आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात ज्या मुलाने डोंगरावरून उतरणारे गढूळ पाणी प्रत्यक्ष पाहिले, त्यालाही आपण मोर नाचवायला आणि इंद्रधनुष्य उगवायला लावले. असे साचेबंद लेखन लिहायला मनुष्य लागत नाही, एवढेच यंत्राने आता निर्विवाद सिद्ध केले आहे. असंख्य ग्रंथ-लेखांतून शब्दामागून शब्द कसा येतो याचे अनुमान बांधूनच हे यंत्र वाक्य रचते. म्हणून सर्वांनी पूर्वी जे लिहिले तेच जेथे मागितले जाते, तेथे ते अजिंक्य ठरते, आणि जेथे लिहिलेले थोडे असते तेथे तितक्याच आत्मविश्वासाने असत्य सांगते.

मग शाळेने विचारायचे काय? याचे उत्तर महाड-पोलादपूरकडच्या सावित्री नदीच्या खोऱ्यात तरी दूर शोधावे लागत नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. या घटनांचे वृत्त यंत्राला ठाऊक असू शकेल. परंतु आपल्या आळीत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, त्याआधीच्या पुराची कोणती खूण आजोबा दाखवतात, आपल्या वाडीवरच्या उतारावर पावसाळ्यापूर्वी कोणता पालट दिसला, घर सोडून जाण्याचा निर्णय कोणी आणि कशावरून घेतला, हे त्या मुलाला पायांनी हिंडून, माणसांना विचारून आणि दोघांच्या सांगण्यातील विसंगती तोलूनच लिहावे लागेल. (ज्यांच्या घरातील माणसे त्या दिवशी गेली, त्या मुलांना हा विषय देऊ नये, इतके तारतम्य शिक्षकाला असावेच लागते, आणि ते कोणत्याही यंत्राला शिकवता येणार नाही.) अशा लेखनानंतर त्याने यंत्राला तोच प्रश्न विचारावा, दोन्ही उत्तरे वर्गासमोर ठेवावी आणि यंत्राचे कोणते वाक्य मोघम, कोणते चुकीचे, कोणते आपल्याहून सरस, हे सप्रमाण सांगावे. यंत्राचा याहून उत्तम शालेय उपयोग मला सुचत नाही.

यंत्राला शाळेबाहेर ठेवावे असे माझे मत नाही, हे यावरून ध्यानात येईल. गणिताची पायरी न समजलेल्या, पण पुन्हा विचारण्याचा संकोच वाटणाऱ्या मुलीला न कंटाळता दहादा समजावणारा सहायक मिळत असेल, तर तो तिला नाकारण्याचा अधिकार कोणाला? युनेस्कोने सप्टेंबर 2023 च्या मार्गदर्शनात वर्गातील अशा वापरासाठी किमान 13 वर्षे वयाची मर्यादा सुचवली. ती वाजवी आहे. मात्र परिपत्रक निघाले म्हणजे साधन पोहोचले, या भ्रमात महाडने तरी राहू नये. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्ये केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, त्यानंतर परिषदेस आलेल्यांवर हल्ले झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावच रद्द केला, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय मिळण्यास 1937 साल उजाडले. दफ्तरातील हक्क आणि हाती आलेला हक्क यांतील अंतर ज्या गावाने इतक्या वेदनेने मोजले, तेथे एका मुलाला विकतचे उत्तम साधन आणि शेजारच्या मुलाला वडिलांचा जुना फोन अशी विभागणी शाळेने मुकाट्याने पाहू नये. साधन शाळेच्या आवारात, शिक्षकांच्या देखत, सर्वांना सारखे मिळाले पाहिजे.

आणि मूल्यमापनाचे काय? दहावीला मराठीच्या 100 गुणांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि उरलेले 20 तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे 20 गुण बहुधा उदारपणे वाटून टाकण्याची रीत आहे. वास्तविक, घरून लिहून आणलेल्या मजकुराविषयी विद्यार्थ्याला समोर बसवून पाच-दहा मिनिटे विचारले, ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ असे दोन-तीनदा खोदले, की ते विचार त्याचे आहेत की उसने, याचा पुरता उलगडा होतो. आणि उसने असले तरी त्या संभाषणातून ते त्याचे होऊ लागतात. यास हवा तो वेळ. भरगच्च वर्ग, शिकवण्यापलीकडची नाना कामे आणि माहिती भरण्याचा नित्य तगादा यांत अडकलेल्या शिक्षकाजवळ तोच नसतो.

पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरील कमी पटाच्या प्राथमिक शाळांकडे या दृष्टीने पाहावे असे मला कळकळीने वाटते. 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत एकत्रीकरण करण्याचा प्रस्ताव राज्य शासनाने 2023 मध्ये पुढे आणला, तेव्हा या शाळांचा विचार मुख्यतः खर्च आणि सोयी या हिशेबाने झाला. परंतु जेथे प्रत्येक मुलाला रोज बोलते करता येते, त्याने काय पाहिले हे त्याच्या तोंडून ऐकून मग ते त्याच्याकडून लिहवून घेता येते, अशा शाळा आज आहेत तरी कुठे? लेखनाची सवय फोन हाती येण्यापूर्वी, तिसरी-चौथीत जडते. त्या वयात स्वतःचे म्हणणे मांडण्याची गोडी लागलेला विद्यार्थी माध्यमिक शाळेत यंत्राशी बरोबरीने बोलेल. म्हणून अशा शाळेचा पट मोजताना तेथे रोज किती मुलांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले जाते, याचीही नोंद शासनाने आपल्या दफ्तरी करावी, आणि ती झाल्याखेरीज एकाही वाडीची शाळा हलवण्याची तजवीज करू नये.