बरोबरीच्या गाडीतलं विजेतेपद

ऑगस्ट २०२४मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले यांनी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या सलून गटाचं विजेतेपद पटकावलं. पुरुषांच्या बरोबरीने धावून राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मथळे मात्र ‘दोन मुलांची आई’ आणि ‘शिक्षिका’ यांच्यापुढे फारसे सरकले नाहीत. कौतुक म्हणून ठीक आहे. पण घर सांभाळून केलं, एवढंच सांगण्याच्या नादात नेमकं काय केलं हे सांगायचं राहून जातं.

सलून म्हणजे रस्त्यावर रोज दिसणारी चारदारी गाडी. या गटात टोयोटा इटिऑस धावते. पुणे स्टेशनला टॅक्सी म्हणून जिच्यात आपण कधी ना कधी बसलोय, तीच. शर्यतीसाठी अशा गाडीची आतून सालटी काढतात. मागची सीट, गालिचे, सजावट सगळं बाहेर. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, चालकापुरती एक सीट, खांद्या-कमरेला आवळलेले पट्टे आणि टणक सस्पेन्शन. अंगात आगरोधक सूट, डोक्यावर हेल्मेट आणि बाहेर चेन्नईची दमट हवा.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. ओढायचं त्यांनीच आणि वळायचंही त्यांनीच. वळणावर घाईने ॲक्सिलरेटर दाबला की चाकं वळायचं सोडून सरळ घसरतात आणि टायर झिजतो तो वेगळाच. इंजिनात उतू जाणारी ताकद नाही, त्यामुळे वळणात घालवलेला वेग पुढच्या सरळ पट्ट्यात भरून निघत नाही. पावणेचार किलोमीटरच्या या ट्रॅकवर बारा वळणं आहेत आणि प्रत्येक फेरीत ती सगळी पुन्हा नीट घ्यायची असतात. गाडी सर्वांना एकाच जातीची, म्हणून ‘त्याची मशीन भारी होती’ ही पळवाट बंद. शिवाय विजेतेपद गुणांवर ठरतं. एखादी शर्यत धाडसाने मारता येते. पण आज तिसरा क्रमांक पदरात पाडून गाडी धड परत आणायची, हे शहाणपण अख्ख्या हंगामात टिकवावं लागतं.

आपल्याकडे मात्र सलूनला दुय्यम समजायची खोड आहे. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनमध्ये गेला, तेव्हापासून एका सीटची उघडी गाडी म्हणजेच खरी रेसिंग असं आपण धरून बसलोय. (चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फेरफार केलेल्या फियाट पळायच्या, ते दिवस विसरले गेले.) अमेरिकेत मात्र १९४८ साली नॅस्कार या शर्यतसंस्थेची पहिली शर्यत झाली, तीच मुळी फेरफार केलेल्या गाड्यांची. त्या गटात नऊ वेळा विजेता ठरलेला रिची इव्हान्स बड्या मालिकेत कधी नाव कमवायला गेला नाही, तरी २०१२मध्ये नॅस्कारने त्याला आपल्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मानाने बसवलं. पुंडोले यांच्या नावाचा गाजावाजा आपण केला तो २०२५मध्ये, आखातातल्या शर्यतींसाठी त्या फेरारी २९६ चॅलेंज चालवणार हे कळल्यावर. फेरारीची ऐट कोणाला नको? पण माझ्या लेखी इटिऑसमधलं यश जास्त वजनाचं आहे. तिथे पैशाने फरक पाडायला जागा सगळ्यांत कमी होती.

पैशाचा मुद्दा खेळाच्या मुळाशीच आहे. पुंडोले यांना वाट मिळाली ती २०१८च्या सुमारास, एका टायर कंपनीच्या महिला चालक शोधणाऱ्या उपक्रमातून. म्हणजे कोणीतरी दार उघडलं, म्हणून दार उघडं होतं हे कळलं. आणि हे पुण्यात, जिथे पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाज, चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, टेकडीवर १९६६पासूनची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था. गाडी बनवायचं आणि तपासायचं सगळं ज्ञान या शहरात आहे. २०१०मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या पोलो कप शर्यतमालिकेची पोलोसुद्धा चाकणचीच. पण गाडी इथली असली तरी चालक घडायला चेन्नई-कोइम्बतूरच गाठावं लागतं. रात्री रिकाम्या रस्त्यांवर जिवाशी खेळणाऱ्या पोरांना आपण दंड करतो, करायलाच हवा. वेगाची हौस शिस्तीत कुठे भागवायची, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

चाकणच्या कंपन्यांनी आपल्याच साध्या गाड्यांची, नवशिक्यांसाठीची, मुलींना फीमध्ये सवलत देणारी एक मालिका पुण्याजवळ सुरू करावी. जाहिरातींच्या खर्चापुढे तो खर्च त्यांना जड जाऊ नये.